ब्लूटूथवालं श्रवणयंत्र: फोनला, टीव्हीला खरंच जोडलं जातं का?

राधिका_मिरज
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना (वय ७९) दोन्ही कानांना यंत्र सांगितलंय. ऑडिओग्राममध्ये (कानाच्या तपासणीच्या आलेखात) खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत, वरचे पार ढासळलेले. "आवाज येतो गं, पण शब्द लागत नाहीत," ही त्यांची कायमची तक्रार. आता साधं डिजिटल यंत्र घ्यायचं की ब्लूटूथवालं, यावरून घरात दोन तट पडलेत. दुकानातला मुलगा म्हणतो, "मॅडम, ब्लूटूथच घ्या, फोन-टीव्ही सगळं डायरेक्ट कानात." किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक आहे.

बाबांकडे स्वस्तातला ॲन्ड्रॉइड फोन आहे. टीव्ही स्मार्ट आहे आणि त्याच्या मेनूत ब्लूटूथ दिसतं. लँडलाइन अजून ठेवलीय, कारण त्यांच्या मित्रमंडळींकडे तोच नंबर आहे. दुपारी बातम्या, रात्री सासूबाईंबरोबर मालिका, आणि रविवारी कॅनडातल्या दिरांशी व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी ब्लूटूथचे पैसे वसूल होतात का? वापरणाऱ्यांनी लिहा. विकणाऱ्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत, प्लीज.

भाकरवडी
मालिकेच्या वेळी ऐकू यायला हवंय का, हे आधी सासऱ्यांना विचारलंत का? (हलकंच घ्या.)

वायरमन
राधिकाताई, "ब्लूटूथ आहे" एवढ्या उत्तरावर पैसे मोजू नका. कुठलं ब्लूटूथ, ते विचारा. हेडफोनला असतं ते ब्लूटूथ यंत्राच्या इवल्याशा बॅटरीला झेपत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापली वाट काढली आणि आता गिऱ्हाईक चौकात उभं आहे.

ॲपलने 'मेड फॉर आयफोन' अशी स्वतःची पद्धत आणली. २०१४ मध्ये रीसाउंड आणि स्टार्कीची तशी यंत्रं बाजारात आली. ती आयफोनला थेट जोडली जातात, पण ती पद्धत ॲन्ड्रॉइडला समजत नाही. मग २०१८ मध्ये गूगलने 'आशा' नावाची पद्धत जाहीर केली. ती ॲन्ड्रॉइड १० पासून आहे, पण फोन बनवणाऱ्याने ती सोय फोनमध्ये ठेवली असेल तरच. स्वस्त फोनांत इथेच गोची होते.

फोनाकने तिसरंच केलं. २०१८ च्या मार्व्हलपासून नेहमीचं ब्लूटूथ दोन्ही कानांच्या यंत्रांत बसवलं. ते बटणांच्या फोनलासुद्धा जोडलं जातं, मात्र बॅटरी जास्त खातं. आणि २०२० मध्ये जाहीर झालेलं एलई ऑडिओ, म्हणजे कमी बॅटरी खाणारं नवं ब्लूटूथ, हे चौथं. पुढे सगळे तिकडेच जाणार असं दिसतंय, पण त्याला यंत्रही नवं लागतं आणि फोनही नवा. ॲन्ड्रॉइड १३ पासून त्याची सोय आहे, पुन्हा सगळ्या फोनांत नाही.

तेव्हा बाबांचा फोन घेऊनच दुकानात जा. त्यांच्या डेमो फोनवर तर सगळंच चालतं.

चिंचगूळ
म्हणजे स्वस्त फोनवाल्यांनी आशेवर जगायचं.

राधिका_मिरज
@वायरमनदादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं हो! आणि टीव्हीचं काय? त्यात ब्लूटूथ आहे ना.

निळू_दापोली
टीव्हीचं मी सांगतो, आमच्या वडिलांमुळे त्यात मुरलोय.

टीव्हीच्या मेनूतलं ब्लूटूथ हेडफोन आणि स्पीकरसाठी असतं. बहुतेक यंत्रं त्या यादीत दिसतच नाहीत. एखादं दिसलं आणि जोडलं गेलं तरी आवाज मागे पडतो. बातमीदाराचे ओठ मिटतात आणि मग वाक्य संपतं. बाबांसारखी माणसं ओठ बघून निम्मं समजून घेत असतात, त्यांना हे फार त्रासाचं होतं.

यावर उपाय म्हणजे त्या त्या कंपनीचा टीव्हीचा डबा. कोणी त्याला टीव्ही स्ट्रीमर म्हणतं, कोणी टीव्ही कनेक्टर, कोणी टीव्ही ॲडॅप्टर. टीव्हीच्या मागे लावायचा, यंत्राशी एकदा जोडून द्यायचा, की झालं. फोन लागत नाही, ॲप लागत नाही. आवाज ओठांबरोबर येतो. यंत्र ज्या कंपनीचं, डबाही सहसा त्याच कंपनीचा लागतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. हे दुकानदार बिल झाल्यावर सांगतात.

आता खरी मेख. डबा हेडफोनच्या भोकाला लावला, तर बऱ्याच टीव्हींचा स्पीकर बंद होतो. वडिलांच्या कानात नाटक रंगलेलं आणि आई समोर मुक्यांचा खेळ बघत बसलेली, असं आमच्याकडे झालं. ऑप्टिकल केबलने लावा. तरीही काही टीव्ही दोघांपैकी एकच आवाज देतात. साउंडच्या मेनूत स्पीकर आणि ऑप्टिकल दोन्ही एकदम चालू ठेवायची सोय आहे का, ते बघा. आणि कानात काहीच आलं नाही किंवा नुसती खरखर आली, तर डिजिटल आवाजाचं सेटिंग डॉल्बीवरून पीसीएमवर आणा. पुष्कळ डब्यांना डॉल्बी कळत नाही.

एकदा बसलं की सुख आहे. वडिलांना हवा तेवढा आवाज वडिलांच्या कानात, आणि शेजारच्या जोशीकाकूंना आमच्या बातम्या ऐकाव्या लागत नाहीत.

खडूस_पेठकर
हे सगळं दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे. आमच्या आजोबांनी खिशातली पेटी आणि कानाला वायर अशा यंत्रावर जन्म काढला. टीव्हीचा आवाज वाढवा, खाली अक्षरं लावा, झालं काम. दुप्पट पैसे कशाला?

घुबड
@खडूस_पेठकर, वय ४४, दोन्ही कानांना यंत्र, नोकरी आयटीत. आवाज वाढवून माझं काम भागत नाही. वरचे सूर गेले की स, श, फ, त, क ही व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे राहतात. 'सात' म्हणाले की 'हात' म्हणाले, याचा अंदाज करायचा. आवाज वाढवला की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं गळायची ती गळतातच. बरं, टीव्ही दहा फुटांवर, मधे पंखा, स्वयंपाकघरात मिक्सर. यंत्राचा माइक हे सगळंच उचलतो. थेट कानात येणाऱ्या आवाजात मधली खोलीच वगळली जाते. फरक इथे पडतो.

फोनचंही तेच. लँडलाइनवर आणि जुन्या पद्धतीच्या कॉलवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं काही येतच नाही, म्हणजे आमची व्यंजनं तारेतच अडकतात. व्होल्टीवर (४जी नेटवर्कवरच्या कॉलवर) ७००० पर्यंत येतं. दोन्ही बाजूंना व्होल्टी चालू असलेला कॉल थेट कानात आला, तर मला माणसाचा मूडसुद्धा कळतो. एरवी नुसती माहिती कळते.

लॅपटॉपचा मात्र वैताग आहे. माझं यंत्र आयफोनला लगेच लागतं, ऑफिसच्या लॅपटॉपला नाही. मी कंपनीचा कॉलरला अडकवायचा माइक घेतला. तो लॅपटॉपला हेडसेटसारखा जोडला जातो आणि पुढे यंत्राला आवाज देतो. समोरासमोरच्या मीटिंगमध्ये तोच माइक टेबलाच्या त्या टोकाला सरकवून ठेवतो. एकदा चहाच्या सुट्टीत तो तिथेच राहिला आणि माझ्याबद्दलची बरीच उपयुक्त माहिती मिळाली.

भाकरवडी
@घुबड, कुठे मिळतो हा माइक? सासरी न्यायचाय.

खडूस_पेठकर
व्यंजनांचं पटलं. पैशांचं नाही.

मेधा_ऑडिओ
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कोणाच्या दुकानात नाही. वर बहुतेक बरोबर लिहिलंय, दोन-तीन गोष्टींची भर घालते.

राधिका, यंत्राची निवड आधी श्रवणासाठी, जोडाजोडी नंतर. ऑडिओग्रामला पुरेल एवढी ताकद त्यात आहे का, कानात कुठला डोम (मऊ रबरी टोपी) किंवा मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) बसणार, आणि सेटिंग करणारी व्यक्ती नंतर भेटणार आहे का, हे पहिलं. महाग यंत्र वाईट बसवलं तर स्वस्त चांगल्या यंत्रापेक्षा वाईट चालतं.

वरचे सूर गेलेल्यांना बहुधा उघडा डोम देतात, म्हणजे स्वतःचा आवाज घुमत नाही. पण मग थेट येणारा आवाज पातळ लागतो, कारण खालचे सूर त्या भोकांतून बाहेर निसटतात. बोलणं समजतं, अभंग मात्र डबड्यातून आल्यासारखा वाटतो. ज्यांना गाणं ऐकायचंय त्यांनी हे आधीच सांगावं, मग बंद डोमचा विचार करता येतो.

टीव्ही कानात चालू असताना यंत्राचे माइक पूर्ण बंद करू नका. थोडे चालू ठेवायला सांगा. नाहीतर दाराची बेल ऐकू येत नाही आणि "मी मघापासून हाका मारतेय" हे सुरू होतं.

आणि लँडलाइन. रिसीव्हर कानाच्या भोकाशी धरायची सवय असते, पण यंत्राचा माइक कानाच्या मागे, वरच्या बाजूला असतो. रिसीव्हर थोडा वर, मागे, किंचित तिरका धरायचा. पेशंटला आरशासमोर उभं करून शिकवावं लागतं. यंत्रात टेलिकॉइल (चुंबकी लहरींतून आवाज थेट पकडणारी तारेची गुंडाळी) असेल आणि फोन त्याला जुळणारा असेल तर आणखी चांगलं. टी-प्रोग्रॅम चालू करून मागायचा.

अनिकेत_ठाणे
एवढा खटाटोप कशाला? ॲपलचे इअरफोन, एअरपॉड्स प्रो २ घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यातल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिलीय. फोनवरच कानाची तपासणी होते. किंमत यंत्राच्या पासंगालाही नाही.

मेधा_ऑडिओ
@अनिकेत, ती मान्यता सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी आहे, आणि सेटिंगला आयफोन किंवा आयपॅड लागतो. राधिकाच्या सासऱ्यांचे वरचे सूर "पार ढासळलेले" आहेत. शिवाय एका चार्जिंगवर काही तासच चालतात. बाबांना सकाळच्या चहापासून रात्रीच्या मालिकेपर्यंत हवंय. पन्नाशीतल्या, हॉटेलातच काय ते अडणाऱ्या माणसाला मी स्वतः सांगेन की वापरून बघ. ऑनलाइन मिळणारी पाच-सातशे रुपयांची 'कानाची मशीन' मात्र घेऊ नका. ती सगळंच वाढवतात, कुकरची शिट्टीसुद्धा.

यॉर्कशायरकर
इकडे ब्रिटनमध्ये एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) यंत्रं मोफत असतात, तांत्रिकदृष्ट्या उसनी. सेलही फुकट. माझ्या नव्या जोडीत ब्लूटूथ आहे, पण मी सगळ्यात जास्त वापरतो ती वर आलेली जुनी टेलिकॉइल. पोस्टाच्या काउंटरवर, चर्चमध्ये, नाट्यगृहात, लंडनच्या काळ्या टॅक्सीतसुद्धा कानाचं चित्र आणि शेजारी टी असं चिन्ह असतं. प्रोग्रॅम बदलला की थेट आवाज. जोडणी नाही, पासवर्ड नाही, ॲप नाही. भारतात एवढी नाट्यगृहं, एवढी कीर्तनं, पण टेलिकॉइलला आवाज देणारी ही तारेची वेटोळी सहसा कोणी घालत नाही याचं वाईट वाटतं.

वायरमन
@यॉर्कशायरकर, ब्लूटूथचं ऑराकास्ट हे त्याचंच पुढचं रूप म्हणायचं. एक प्रक्षेपक लावायचा, हॉलमधल्या कितीही जणांनी ऐकायचं. २०२२ मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडे सभागृहात लागायला वेळ आहे, आधी तिथले पंखे दुरुस्त होऊ देत.

सौ_चाफेकर
माझ्या आईचा किस्सा सांगते. तिचं यंत्र आयफोनला जोडलेलं. घरातला आयपॅड तिच्याच खात्यावर. दुपारी ती ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. एकदम सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "अगं, कोण हे माकडासारखं हसतंय?" आतल्या खोलीत माझा नातू आयपॅडवर कार्टून बघत होता आणि त्याला आवाज येत नाही म्हणून तो बटण दाबदाबून वाढवत होता! तिने दोन्ही यंत्रं उपटून डब्यात टाकली आणि "यात कोणीतरी शिरलंय" म्हणून संध्याकाळपर्यंत घातली नाहीत.

ॲपलमध्ये आवाज एका उपकरणावरून दुसऱ्यावर आपोआप जातो, ते बंद करता येतं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, हिअरिंग डिव्हायसेस. जोडायचं असतं तेही तिथूनच, ब्लूटूथच्या नेहमीच्या पानावरून नाही. रिंगटोन कानात वाजवायची की नाही, तेही तिथेच. ती बंद केली, कारण आरती चालू असताना कानात फोन वाजला की आई ताम्हण खाली ठेवायची.

चिंचगूळ
हसून हसून मेले. आमच्याकडे काकांच्या यंत्राला व्हॉट्सॲपवरचे सगळे फॉरवर्ड थेट कानात जातात. घरातल्या बाकीच्यांना सकाळी सातला सुविचार ऐकावे लागत नाहीत. याच एका कारणासाठी ब्लूटूथचे पैसे वसूल.

निळू_दापोली
अवांतर, पण कोकणवाल्यांसाठी महत्त्वाचं: पावसाळा. यंत्र रोज रात्री सुकवणीच्या डबीत ठेवा, सिलिका जेलचे मणी रंग बदलले की बदला. सेलवालं यंत्र असेल तर सेल काढून, दार उघडं ठेवून. आणि सेल झिंक-एअर असतात, हवेवर चालतात. स्टिकर काढला की ते जागे होतात, मग वापरा वा नका वापरू. स्टिकर काढून चार-पाच मिनिटं थांबून मग घालायचा. ३१२ म्हणजे तपकिरी स्टिकर, १३ म्हणजे नारिंगी. दुकानात रंग सांगितला तरी मिळतो. टीव्ही-फोन थेट ऐकलं की सेल लवकर संपतो, हे धरून चाला.

चार्जिंगवालं घेतलंत तर वीज जाण्याचा विचार करा. आमच्याकडे जून-जुलैत रात्र रात्र वीज नसते. ज्याच्या चार्जिंगच्या डबीतच बॅटरी असते असं मॉडेल मी मुद्दाम मागून घेतलं.

घुबड
@निळू, पण थरथरत्या बोटांना तो सेल बसवणं हे दिव्य असतं. वडीलधाऱ्यांना चार्जिंगवालंच बरं. मिरजेत काय रात्र रात्र वीज जात नाही.

खडूस_पेठकर
पैशांचा विषय निघालाच आहे तर: मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र वगैरेंसाठी तीन हजार रुपये बँकेत येतात. उत्पन्नाची अट आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ती दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी, त्यात वस्तूच देतात. तीन हजारांत ब्लूटूथ सोडा, त्याची डबीही येत नाही, पण माहिती असावी.

मेधा_ऑडिओ
मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहेच. तपासणी नीट होते. तिथून ऑडिओग्राम घेऊन मग बाजारात जा, असं मी नातेवाइकांना सांगते.

राधिका_मिरज
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं प्रिंट काढून सासऱ्यांना वाचायला दिलं. त्यांची प्रतिक्रिया: "तो पेठकर कोण आहे? तो शहाणा दिसतो." 😀

पण टीव्हीच्या डब्याचं ऐकून (म्हणजे वाचून) डोळे चमकले. फोनबद्दल म्हणाले, "फोनवर कोण एवढं बोलतंय, नाव सांगायचं आणि ठेवायचं." मग ब्लूटूथच्या फोनची भानगड सोडून नुसता टीव्हीचा डबा चालेल असं यंत्र मिळतं का?

वायरमन
मिळतं, आणि तुमच्या घरासाठी मला तेच पटतं. डबा आणि यंत्र यांच्यात त्या कंपनीची स्वतःची जोडणी असते, फोन कुठला याच्याशी तिचा संबंध नाही. मधल्या किमतीच्या बऱ्याच यंत्रांनाही डबा चालतो. दुकानात तीन गोष्टी लेखी घ्या: या मॉडेलला टीव्हीचा डबा चालतो का, त्याची किंमत काय, आणि घरी न्यायला किती दिवस देणार. न देणारा दुकानदार असेल तर दुसरा बघा, सांगली-मिरजेत दुष्काळ नाही.

घुबड
थोडा असहमत. कॅनडातल्या मुलाशी रविवारचा कॉल विसरू नका. ज्या माणसाला फोनवर काही समजत नाही, तो फोनला "नाव सांगायचं आणि ठेवायचं" असंच म्हणतो. मीही म्हणायचो. चाचणीला घ्याल तेव्हा एक व्हिडिओ कॉल थेट कानात लावून द्या आणि मग त्यांना विचारा. साधा कॉल आणि व्हॉट्सॲप कॉल वेगवेगळे तपासा. एक चालतो आणि दुसऱ्याचा आवाज फोनच्या स्पीकरवरच येतो, असं होतं. आणि पुष्कळ यंत्रांत समोरच्याचा आवाज कानात येतो, पण आपलं बोलणं फोनच्याच माइकमधून जातं. फोन टेबलावर ठेवून लांबच्या झोपाळ्यावर बसून बोलले, तर पलीकडे काही जाणार नाही.

राधिका_मिरज
@घुबड, हे पटलं. दिरांना विचारलं, ते म्हणाले, फरकाचे पैसे मी देतो, पण फोनला लागणारंच घ्या. तेव्हा शनिवारी बाबांचा फोन घेऊन दुसऱ्या केंद्रात जातोय, तिथे आठवडाभर चाचणीला देतात. डबाही देणार आहेत.

निळू_दापोली
जायच्या आधी टीव्हीच्या मागचा फोटो टाका. ऑप्टिकलचं भोक आहे का बघतो. चौकोनी असतं, बाजूला 'ऑप्टिकल' असं लिहिलेलं.

राधिका_मिरज
आहे! भिंतीच्या बाजूला होतं, मोबाइलची बॅटरी मारून शोधलं. पण आत काळं काहीतरी बसलंय, केबल जाईल असं दिसत नाही.

वायरमन
ते धुळीचं टोपण आहे, नखाने ओढा, निघेल. काही टीव्हींना बिजागरीचं झाकण असतं, ते ओढू नका, केबल दाबली की आपोआप आत जातं. आणि नव्या केबलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पारदर्शक टोप्या असतात, त्या काढूनच लावा. टोपीसकट लावून "डबा खराब आहे" म्हणून परत आणलेली गिऱ्हाइकं मी पाहिलीत.